रडण्याचे इंग्रजी शब्द कसे निवडावेत

फोंड्याला वरच्या बाजारात एका जिन्याखाली माझं टेबल आहे. सव्वीस वर्षं झाली. लोक मराठीत, कोकणीत सांगतात आणि मी ते इंग्रजीत उतरवते. प्रतिज्ञापत्रं, विम्याचे दावे, परदेशी गेलेल्या मुलानातवंडांना पत्रं, पेपरात द्यायच्या निधनवार्ता. या कामात सर्व्हे नंबर कधी अडवत नाहीत, पैशांचे आकडे अडवत नाहीत. मला सगळ्यात जास्त अडवलंय ते रडण्याने.

दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्यातले एक गृहस्थ आले. त्यांचा भाऊ वारला होता. भावाची मुलगी इंग्लंडमध्ये स्विंडनला, तिकडेच वाढलेली, मराठी वाचता न येणारी. तिला पत्र लिहायचं होतं. ते सांगत होते, मी उतरवत होते. 'तुझी आजी दोन दिवस कोपऱ्यात बसून मुसमुसत होती,' असं एक वाक्य आलं. मी जवळचा शब्दकोश उघडला. मुसमुसण्याला तीन-चार शब्द दिले होते. त्यातला 'स्निव्हल' मी उचलला, कारण तो मला नवा होता आणि नेमका वाटला. पत्र गेलं.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ परत आले. आवाज चढवला नाही. समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, 'मॅडम, तुम्ही आईबद्दल काय लिहिलंत? पोर फोनवर रडते. म्हणते, आजीबद्दल असं कसं लिहिलंत काका?'

त्या मुलीने जे वाचलं त्याचा अर्थ होता, आजी नाक गाळत, कीव करून घेत पिरपिर करत बसली होती. 'स्निव्हल' या शब्दात नाकातला शेंबूड आहे, आणि बघणाऱ्याचा तिटकारा आहे. मराठी मुसमुसण्यात तो तिटकारा मुळीच नाही. मी त्यांना दुसरं पत्र फुकट लिहून दिलं, माफीसह. पण सुतकातल्या मुलीच्या हाती एकदा पडलेला शब्द परत घेता येत नाही. तेव्हापासून मी या शब्दांची एक वेगळी वही ठेवली. टेबलावर शिकायला येणाऱ्या मुलींना मी जे सांगते ते त्याच वहीतलं आहे. पत्र, जबानी, निधनवार्ता, कथेचा अनुवाद, काहीही लिहायचं असो, हे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. मराठीत आपण बहुतेक वेळा 'रडणे' हे एकच क्रियापद ठेवतो आणि रडण्याचा रंग त्याच्या आधी लावतो. मुळूमुळू रडली, घळाघळा रडली, ढसाढसा रडला, ओक्साबोक्शी रडली, धाय मोकलून रडली. स्फुंदणे, मुसमुसणे अशी क्रियापदं आपल्याकडेही आहेत, पण बोलताना मोठा भार पडतो तो या आधी लागणाऱ्या शब्दांवर. इंग्रजीत रंग क्रियापदातच मुरलेला असतो. म्हणून 'ढसाढसा'चा अर्थ शोधून तो 'क्राय'च्या मागे लावू नका. 'क्राइड व्हेरी मच', 'क्राइड लाउडली अँड लाउडली' असली वाक्यं शेकड्यांनी माझ्या टेबलावर दुरुस्तीला येतात. 'ढसाढसा' बाजूला ठेवा, तो माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्यासाठी नवं क्रियापद शोधा.

डोळ्यांसमोर आणायचा म्हणजे काय, तर त्याच्याकडे चार बाजूंनी बघायचं. आवाज आहे का, आणि असला तर बारीक की मोठा, तुटक की लांब? श्वास अडतो आहे का? कुणी मेलंय का, की गुडघा फुटलाय, की मन दुखावलंय? आणि चौथी बाजू, जी मी त्या पत्राच्या वेळी विसरले: हे कोण बघतंय, आणि बघणाऱ्याच्या मनात त्या रडणाऱ्याबद्दल माया आहे की वैताग? इंग्रजीतले निम्मे शब्द या चौथ्या प्रश्नावरच गळून पडतात.

'क्राय' हा रोजच्या वापराचा, कुठेही चालणारा शब्द. बाळ, म्हातारी, नवरी, सगळ्यांना लागू. पण त्याचा जन्म रडण्यातला नाही. तो फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला तो ओरडणे, हाक मारणे या अर्थाने. इंग्लंडात गावोगाव दवंडी देणाऱ्याला 'टाउन क्रायर' म्हणत. त्याच्या डोळ्यांत पाणी कशाला असेल? रडण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला आणि मग त्याने जुन्या 'वीप'ला रोजच्या बोलण्यातून हळूहळू बाजूला केलं. तो जुना ओरडण्याचा अर्थ अजून जिवंत आहे आणि जबानीत तो घात करतो. कोकणीत कोणी सांगतं, 'तिणें बोब मारली.' मराठीत, 'तिने बोंब ठोकली.' इथे 'शी क्राइड' लिहिलंत तर वाचणारा वकील समजतो बाई रडली. 'शी क्राइड आउट' लिहा, किंवा सरळ 'शाउटेड' लिहा. 'क्राइड फॉर हेल्प' म्हणजे मदतीसाठी हाका मारल्या, मदतीसाठी रडली नव्हे. आपल्याकडे मोर्चाच्या बातमीत 'आक्रोश' हा शब्द येतो; तोही असाच दुहेरी. घरातला आक्रोश म्हणजे विलाप, रस्त्यावरचा आक्रोश म्हणजे लोकांचा संताप, आणि या दुसऱ्यासाठी इंग्रजीत 'आउटक्राय' आहे.

'वीप' मला कळला तो शब्दकोशातून नाही, गवंड्याकडून. आमच्या घरामागे उतार आहे. तिथे चिऱ्यांची संरक्षक भिंत बांधली तेव्हा मेस्त्रीने भिंतीत ठरावीक अंतरावर पाइपाचे तुकडे बसवले. म्हणाला, 'बाय, हीं वीप होलां. ना जाल्यार पावसांत वणत फुगून पडटली.' म्हणजे ही भोकं ठेवली नाहीत तर पावसात भिंत फुगून पडेल. इंजिनिअरांच्या इंग्रजीतला तो नेहमीचा शब्द आहे. जुलैत मी मागच्या दारात उभी राहून बघितलं. मातीत मुरलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर येत होतं. उसळी नाही, आवाज नाही. चिऱ्यावर एक ओली काळपट रेघ, तिच्यावरून थेंब, मग थोड्या वेळाने दुसरा थेंब. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ते झिरपणं चालू. चिघळून पाणी सुटणाऱ्या जखमेलाही इंग्रजीत 'वीपिंग वूंड' म्हणतात. म्हणजे 'वीप'मध्ये मुख्य गोष्ट डोळ्यांतून गळणारं पाणी, आवाज नव्हे. आत काहीतरी साचलंय आणि ते वाट काढतंय. 'टिपं गाळत बसली', 'आसवं ढाळली', 'मुळूमुळू रडली' या सगळ्यांच्या जवळ जाणारा हा शब्द. त्याला एक जुनेपणा आणि गांभीर्य आहे. शाळेत पडून गुडघा फुटलेलं पोर 'वीप' करत नाही, ते 'क्राय' करतं. आणि भूतकाळ 'वेप्ट', 'वीप्ड' नाही. परीक्षेत यावर हटकून गुण जातात.

या शब्दाशी जोडलेली एक गोष्ट सांगते, कारण अनुवाद करणाऱ्याने ती माहीत करून घ्यावी. शिरोड्याच्या एका बाईंना नवऱ्याच्या मंथ्स माइंडला, म्हणजे मृत्यूनंतर महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या मिसाला, प्रार्थनेला, वाटायच्या कार्डावर बायबलमधली ओळ हवी होती. योहानाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात पस्तिसावं वचन आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलात ते दोनच शब्दांचं आहे, 'जीझस वेप्ट', आणि त्या इंग्रजी बायबलातलं सर्वांत छोटं वचन म्हणून ते प्रसिद्ध आहे. येशूचा मित्र लाझरस मेलाय, त्याची बहीण मरिया आणि सोबतचे लोक रडतायत, आणि मग येशूच्या डोळ्यांतून पाणी येतं. मूळ ग्रीकमध्ये इथे दोन वेगवेगळी क्रियापदं आहेत. मरियेचं आणि लोकांचं रडणं मोठ्याने, आवाज काढून. येशूचं फक्त अश्रू ढाळणं. इंग्रजी अनुवादाने दोन्हीकडे 'वीप'च ठेवला आणि तो फरक पुसला गेला. चारशे वर्षं लोक ते वचन वाचत आलेत आणि मोठमोठ्या पंडितांच्या हातूनही रडण्याचा एक पदर निसटला. हे कळल्यावर मी माझ्या त्या पत्रातल्या चुकीकडे जरा धीराने बघू शकले, आणि पुढच्या पत्रांकडे जास्त काळजीने.

'सॉब' म्हणजे हुंदका. इथे पाण्यापेक्षा श्वास महत्त्वाचा. रडताना छाती आत ओढली जाते, श्वास तुटतो, मध्येच गचका बसतो. लहान मूल खूप रडून झोपी गेलं की बघा: डोळे मिटलेले, गाल सुकलेले, आणि तरी मिनिटा-दोन मिनिटांनी सगळं अंग हलवून एक खोल श्वास तीन तुकड्यांत आत जातो. रडणं संपलंय, पण 'सॉब' उरलाय. स्फुंदून स्फुंदून, ओक्साबोक्शी, ढसाढसा, या तिन्हींना मी बहुतेक वेळा हाच शब्द लावते. जबानीत तो फार कामाचा, कारण 'सॉबिंग' लिहिलं की बाईचे शब्द तुटत होते, वाक्य पुरं होत नव्हतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. भूतकाळ लिहिताना 'बी' दोनदा येतो. आणि हॉस्पिटलच्या कागदावर मोठ्या अक्षरांत एस-ओ-बी दिसलं तर ते रडणं नव्हे, डॉक्टर धाप लागल्याची नोंद तसं थोडक्यात करतात. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने दाव्याच्या कागदात 'रुग्ण हुंदके देत दाखल झाला' असा अनुवाद केला होता, वेळीच सापडला.

आता मोठ्या आवाजाकडे. हंबरडा, टाहो, आकांत. यांना 'वेइल', डब्ल्यू-ए-आय-एल. लांब, उंच, चढउतार असलेला आवाज. ॲम्ब्युलन्सचा भोंगाही 'वेइल' करतो, त्यावरून आवाजाचा आकार लक्षात ठेवा. मोठ्याने उच्चारून बघा: 'सॉब' म्हणताना ओठ पटकन मिटतात आणि आवाज तुटतो, 'वेइल' म्हणताना तो लांबत जातो. मुलींना मी नेहमी सांगते, शब्द आधी तोंडात घोळवा. व्युत्पत्ती दर वेळी तशी निघेल असं नाही, पण आठवणीला हा चांगला आधार आहे.

हंबरड्याबाबत एक धोका आहे. आपला शब्द गाईपासून आला. वासरू तुटलेली गाय हंबरते, म्हणून आईने हंबरडा फोडला की मराठी वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. शब्दकोशात हंबरण्याच्या जवळपास 'बेलो' सापडतो. तो लिहू नका. इंग्रजीत 'बेलो' करतो तो बैल, किंवा रागाने गरजणारा माणूस. मूल गमावलेल्या आईला तुम्ही चवताळलेली करून ठेवाल. आपली गाय इंग्रजीत सोबत नेता येत नाही. 'वेइल' लिहा आणि पुढे जा. 'हाउल'बाबतही सांभाळून. त्यात कुत्रं-लांडगं आहे, शिवाय 'हाउल' वेदनेनेही होतं आणि हसूनही होतं. कथेत चालेल, घरच्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल पत्रात नको.

'कीन' हा शब्द रोजच्या कामात तुम्हाला लागणार नाही, तरी त्यावर थांबावंसं वाटतं. उत्सुक, तीक्ष्ण या अर्थाचा जो 'कीन' आपण शाळेत शिकतो, त्याचंच स्पेलिंग, पण नातं काही नाही. हा आयर्लंडचा, आयरिश भाषेतून इंग्रजीत आलेला. तिथे माणूस गेला की बायका प्रेताजवळ बसून सूर धरून रडत. नुसतं रडणं नव्हे. गेलेल्याला हाक मारत, त्याचं घराणं, त्याचे गुण, तो मागे कोणाला टाकून गेला, हे सगळं तिथल्या तिथे रचत म्हणत. त्या कामात जाणत्या असलेल्या बायकांना बोलावणंही असे. चर्चला हे पटत नव्हतं आणि पुढे ती रीत मागे पडली.

हे मी वाचलं तेव्हा मला आईचं माहेर आठवलं, सत्तरी तालुक्यातलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मामा गेला होता. त्याची थोरली बहीण दुपारच्या बसने आली. वाटेवर ती गप्प होती, आमच्याशी साधं बोलली, पिशवी माझ्या हातात दिली. अंगण ओलांडून उंबऱ्याला हात लावला आणि तिथून तिचा आवाज लागला. 'माझ्या भावा रे, चवथीची माटोळी आता कोण बांधणार रे, माझ्या वाटेकडे डोळे कोण लावणार रे.' प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच लांब 'रे', त्याच सुरावर, आणि आतल्या बायका त्या 'रे'ला आपला आवाज जोडत. माटोळी म्हणजे गणपतीवर बांधतात ती फळा-फुलांची लाकडी चौकट. ती दरवर्षी मामाच बांधायचा. मला भीती वाटली, कारण माणसाला रडण्यासाठी उंबरा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. आज मला कुणी त्या दुपारचं इंग्रजी करायला सांगितलं तर 'क्राय' नाही, 'वीप' नाही, 'वेइल'सुद्धा नाही. 'कीन' हाच. गुण गाऊन, सूर धरून, सगळ्यांच्या वतीने रडणं. असं रडणं तुमच्या मजकुरात आलं तर हा शब्द वापरा आणि पुढच्या वाक्यात ती काय म्हणत होती ते थोडं उतरवा, म्हणजे वाचणारा 'उत्सुक'पाशी अडकणार नाही.

बारीक आवाजाचे शब्द पटकन सांगते. 'व्हिंपर' म्हणजे भीतीने किंवा दुखण्याने केविलवाणा, तुटक, दबका आवाज. पावसात भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू करतं तो. 'मोन' म्हणजे विव्हळणं, 'ग्रोन' म्हणजे कण्हणं. दोन्हींत डोळ्यांत पाणी असेलच असं नाही. 'व्हाइन' म्हणजे किरकिर, रडगाणं. दुःखाच्या पत्रात त्याला जागा नाही.

आणि ज्यांना मी वहीत लाल शाईने लिहिलंय ते तीन. 'बॉल', बी-ए-डब्ल्यू-एल, म्हणजे भोकाड पसरणं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात खेळण्यासाठी हटून बसलेलं पोर करतं ते. त्यात थोडा वैताग आहे, पण पोराला तो चालतो. 'ब्लबर' म्हणजे तोंड सुजवून, शब्द गिळत, गबाळं रडणं. व्हेल माशाच्या चरबीलाही हाच शब्द आहे, आणि मोठ्या माणसाला लावला तर तो अपमान आहे. तिसरा 'स्निव्हल', त्याची कथा सांगितलीच. त्याच्याच शेजारचा 'स्निफल' मात्र निरुपद्रवी. पडसं झालेल्या माणसाचं नाक ओढणं, किंवा रडून झाल्यावरचं. दोघांचं तोंड सारखं दिसतं म्हणून गोंधळ होतो.

मग त्या आजीसाठी काय लिहायला हवं होतं? दुसऱ्या पत्रात मी लिहिलं, 'शी सॅट इन द कॉर्नर अँड वेप्ट क्वाएटली.' मघाशी मी म्हटलं रंग क्रियापदात शोधा, आणि इथे मीच 'क्वाएटली' वेगळं जोडलं. कारण दबून, मायेने बघण्याजोगं रडणं सांगणारं एकटं क्रियापद मला इंग्रजीत सापडलेलं नाही. जे आहेत त्यांना नाकाचा किंवा भीतीचा वास आहे. अशा वेळी साधं क्रियापद आणि एक साधा जोडशब्द, एवढंच पुरे.

डोळे नुसते पाणावले असतील तर 'क्राय'ही जास्त होतं. 'हर आइज फिल्ड विथ टिअर्स' लिहा. कंठ दाटला, गहिवरून आलं, तर 'ही वॉज चोक्ड अप' किंवा घशात आवंढा आल्याचं साधं वाक्य. एकदम रडू कोसळलं तर 'बर्स्ट इंटू टिअर्स' किंवा 'बर्स्ट आउट क्राइंग'; या दोघांची सरमिसळ करून 'बर्स्ट आउट टिअर्स' लिहितात ते चूक. आणि 'टिअर' वाचताना अश्रू असेल तर टिअर, फाडणं असेल तर टेअर. स्पेलिंग एकच, संदर्भावर जायचं. नक्राश्रू मात्र जसेच्या तसे जातात, मगर दोन्हीकडे तीच.

निधनवार्तेत रडण्याचे शब्द लागतच नाहीत, लागतात शोकाचे. इथल्या इंग्रजी पेपरांत रोज फोटोसह निधनवार्ता असतात आणि खाली 'मोर्न्ड बाय' म्हणून नातेवाइकांची नावं येतात. एकदा माझ्याकडे दुसरीकडून छापून आणलेला मसुदा आला, त्यात 'डीपली मोन्ड बाय' होतं. म्हणजे सून, जावई, नातवंडं सगळी विव्हळतायत. घरच्यांनी स्पेलिंगकडे बघितलंच नव्हतं, आणि अशा दिवशी त्यांनी बघावं अशी अपेक्षाही चूक. म्हणूनच लिहिणाऱ्याने दोनदा बघायचं. 'मोर्न'मध्ये 'ओ'नंतर 'यू' आहे. तो सुटला की शोकाची सकाळ होते. १७ मार्च २०१९ ला मनोहर पर्रीकर गेले आणि दुसऱ्या दिवशी देशभर राष्ट्रीय दुखवटा होता, तेव्हा शाळेतल्या मुलांच्या वह्यांत 'नॅशनल मॉर्निंग' किती ठिकाणी दिसलं ते मी स्वतः पाहिलंय. 'मोर्न' म्हणजे शोक पाळणं, दाखवणं. दिवस, कपडे, झेंडा, रीत, हे सगळं त्यात येतं, डोळ्यांत पाणी असो वा नसो. सुतकामुळे रजा हवी असेल तर अर्जात 'इन मोर्निंग' चालतं, पण सोवळं-ओवळं त्यात उतरत नाही. ते सांगायचंच असेल तर वेगळ्या वाक्यात सांगा.

'ग्रीव्ह' आतला. तो लॅटिनमधल्या जड या अर्थाच्या शब्दापासून आला आणि त्याचं लांबचं नातं आपल्या संस्कृत 'गुरु'शी, म्हणजे भारी, वजनदार याच्याशी आहे. आपण 'जड अंतःकरणाने कळवतो' लिहितो तेच वजन. दुखवटा तेरा दिवसांत आवरतो, 'ग्रीव्ह' करणं वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. म्हणून सांत्वनाच्या पत्रात मी 'वी ग्रीव्ह विथ यू' लिहिते. त्याच मुळातून आलेला 'ग्रीव्हन्स' मात्र तक्रार. 'ग्रीव्हन्स लेटर' म्हणजे सांत्वनाचं पत्र नव्हे. 'लॅमेंट' म्हणजे शब्दांतून केलेला विलाप, आणि तो थेट कर्म घेतो: 'लॅमेंट द लॉस', मध्ये काही नको. आज त्याचा उपयोग जास्त करून बोलून हळहळणं यासाठी होतो; घरच्या मृत्यूला तो जरा पुस्तकी वाटतो.

काम करायची माझी रीत अशी. माणूस सांगत असताना शब्दकोश उघडत नाही. मराठी-कोकणीतच, त्याच्याच शब्दांत पूर्ण उतरवते. रडण्याचं वाक्य आलं की पेन्सिलीने खाली रेघ. मग त्या रेघेपाशी परत येऊन विचारते: आवाज होता का? किती वेळ? तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं? विचारायला अवघड वाटतं, पण लोक सांगतात; बऱ्याच जणांना कुणीतरी हे विचारावं असंच वाटत असतं. शब्द निवडल्यावर इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात त्याची उदाहरणं बघते, कारण अपमान लपलेला असतो तो अर्थात नाही, उदाहरणांत. आणि शेवटी सगळं इंग्रजी परत मराठीत फिरवून त्या माणसाला वाचून दाखवते. ही पायरी कधीच गाळत नाही.

मागच्या पावसाळ्यात डिचोलीकडच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. टिपरने ठोकरून मुलगा गेला होता, नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी जबानी हवी होती. सोबत शेजारीण. म्हातारी कमी बोलत होती, शेजारीणच सांगत होती: पोलीस दारात आले, सांगितलं, आणि हिने जो हंबरडा फोडला तो अख्ख्या वाडीत ऐकू गेला. मी लिहिलं, 'आय वेइल्ड.' नियमाप्रमाणे पूर्ण मजकूर मराठीत वाचून दाखवायला लागले. त्या वाक्यापाशी आले तेव्हा म्हातारीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

'मी रडले नाही गो बाय,' ती म्हणाली. 'तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. रडली ती ही.'

शेजारणीने मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाली, 'हो. मीच ती.'

मी ते वाक्य खोडलं. 'माय माउथ ओपन्ड, बट नो साउंड केम. माय नेबर वेइल्ड.' परत मराठीत वाचून दाखवलं. म्हातारीने ऐकलं, 'आता बरोबर' म्हणाली आणि शाईच्या डबीकडे अंगठा नेला.